चार काळे कोपरे

रविवार होता. खालच्या शिंप्याची यंत्रं बंद होती, त्यामुळे जिन्यावरची पावलं वरच्या खोलीत स्वच्छ ऐकू आली.

"दर तीन पायऱ्यांनी थांबतंय कुणीतरी," मावशी म्हणाली. "दम लागून नव्हे, धीर होत नाही म्हणून. अगं, चहा टाक. आणि पोरीला टाचण्यांपासून लांब घे."

भाचीने पोरीला आधीच लांब घेतलं होतं. तिची पिटुकली चालायला लागल्यापासून कुठल्याही खोलीत शिरलं की भाचीला आधी तीन गोष्टी दिसत : खाली काय पडलंय, वरून काय पडेल आणि गरम काय आहे. मावशीच्या खासगी तपासाच्या कचेरीत ती टिपणं काढायची, अहवाल टाइप करायची आणि तर्काच्या बाबतीत मावशीच्या चार पावलं मागे असायची.

"तुझं डोकं सावकाश चालतं," मावशी म्हणे, "पण डोळे कधी सुट्टी घेत नाहीत. माझं भागतं."

दारात वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, हातात नुसती किल्ली.

"अल्बम गेला," त्या म्हणाल्या. "उद्या अकराला सुनावणी, आणि अल्बम गेला."

भाचीच्या हातातली चहाची डबी तशीच राहिली. कुठला अल्बम, हे तिला सांगायला नको होतं.

गावाच्या कडेला एक कुरण होतं. नाव असं नव्हतंच, सगळे कुरणच म्हणत. एका बाजूला ओढा, एका बाजूला झाडांची रांग, मधे गवत. भाची तिथे चालायला शिकली, सायकलवरून पडायला शिकली आणि एकदा गवतात उताणी पडून ढग मोजता मोजता झोपून गेली होती. घरचे कंदील घ्यायच्या बेतात होते तेव्हा उठून आली. आता जुना मालक वारला होता, त्याच्या मुलाने जागा बिल्डरला विकली होती, आणि फाटकाशी तारेची भेंडोळी येऊन पडली होती. कुंपण घालू द्यायचं की नाही, ते उद्याच्या सुनावणीत ठरणार होतं.

"बसा," मावशी म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. गाळू नका काही."

ताई बसल्या. "काल चार वाजता वाचनालयात बैठक झाली. मी, फोटोकाका, मास्तर आणि आपले वकीलसाहेब. साहेबांनी समजावून सांगितलं. लोकांनी वीस वर्षं सलग, उघडपणे, कुणाला न विचारता जागा वापरली असेल तर ती वहिवाट, तो हक्क. पण मालकाची परवानगी घेऊन वापरली असेल तर ती नुसती मेहेरबानी. मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. म्हणून तर आम्ही अल्बम केला. दर वर्षाचा एक फोटो, लोकांच्या घराघरांतून मागून आणलेला. बावीस वर्षं, एकही वर्ष सुटलेलं नाही."

"साहेब बोलत असताना कोण काय म्हणालं?"

"काही नाही. फोटोकाका पेंगत होते. मास्तरांनी पाणी मागितलं, घामाघूम झाले होते. वय झालं, त्यात कालचा उकाडा. पाचला बैठक संपली. साहेब गेले. मी अल्बम काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली टेबलाच्या खणात टाकली, ती नेहमीच तिथे असते. मग मागे कप धुवायला गेले, तिथून कपाट दिसत नाही, बाहेरचं दार मात्र समोर दिसतं. फोटोकाका ओट्यावर फोनवर बोलत होते, मास्तर आत जुनी वर्तमानपत्रं चाळत होते. साडेपाचला सगळे गेले, मी बंद केलं. आज सकाळी फोटोंना नंबर घालायला उघडलं, तर कपाट रिकामं."

"कुलूप?"

"शाबूत. कपाटाचंही आणि दाराचंही."

"जाताना कुणाच्या हातात काही?"

"छे. पिशव्या आम्ही दारातच ठेवून घेतो, पहिल्यापासूनचा नियम आहे. आणि अल्बम केवढा, चहाच्या ट्रेएवढा. माझ्या डोळ्यांसमोरून तो बाहेर गेलेला नाही."

"फोटोंच्या कॉपी असतील ना?" भाचीने विचारलं.

"आहेत, फोटोकाकांच्या कम्प्युटरात. पण समोरचा वकील म्हणणार, कम्प्युटरवर काय वाटेल ते करता येतं. मूळ फोटो हवेतच."

मावशीने चहा एका घोटात संपवला. "चला. जागा बघू."

वाचनालयात शिरताच भाचीला लहानपणचा वास आला. खळ, जुना कागद आणि ओलसर भिंत. लांब टेबल तेच होतं. त्याच्या खाली बसून तिने अर्धं बालपण वाचून काढलं होतं. पण आज ती टेबलाखाली कुणाला जाऊ देणार नव्हती, तिथे एक खिळा वर आला होता.

टेबलामागच्या भिंतीला एक नकाशा टाचला होता. नव्या, दुमजली वाचनालयाचा. खाली बिल्डरचा शिक्का.

"हे काय?" मावशीने विचारलं.

ताईंचा चेहरा उतरला. "तो बांधून देतो म्हणाला. मी हो म्हटलेलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "नाहीही म्हटलेलं नाही. पावसाळ्यात कथांच्या कपाटाखाली बादल्या लावते मी, मावशी. नकाशा बघायला काय जातंय?"

मावशी नकाशापासून वळली. तिने कपाटाचं कुलूप पाहिलं, खण उघडून पाहिला, मागच्या मोरीपर्यंत पावलं मोजली.

"आ कर," भाचीचा आवाज आला. "आ कर बघू. काय आहे तोंडात?"

पिटुकलीने तोंड घट्ट मिटलं. भाचीने सराईतपणे गालात बोट घातलं आणि एक ओला काळा तुकडा बाहेर काढला. कागदाचा छोटा त्रिकोण, मागे वाळलेला डिंक. मग ती गुडघ्यांवर बसून कपाटाखाली बघू लागली. तसेच आणखी तीन.

"हे फोटोचे कोपरे," ताई म्हणाल्या. "पण माझे नव्हेत. मी सगळीकडे प्लॅस्टिकचे लावलेत, पारदर्शक. असे काळे कागदी फक्त शाळेच्या पानावर होते. मास्तरांनी आपल्या जुन्या अल्बममधलं आख्खं पान काढून दिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या खेळांचा फोटो."

"मी आहे त्यात," भाची म्हणाली.

ती आठ वर्षांची होती. त्या वर्षी शाळेच्या मैदानात नव्या वर्गांसाठी पाया खणलेला, म्हणून खेळ कुरणात झाले. तीन पायांच्या शर्यतीत तिची जोडी अंतिम दोरीपाशी येऊन कोसळली आणि तिचा हलणारा दात तिथेच गवतात पडला. खेळाच्या बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनेच, आपल्या रुमालाने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, दात जिंकला, तू दुसरी. फोटोत ती रडत होती की हसत होती, ते अजून घरात कुणाला ठरवता आलं नव्हतं.

"अगं, पोर बघ," मावशी म्हणाली.

पिटुकली तोवर सर्वांत खालच्या फळीपाशी पोचली होती. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड रांगेने उभे होते. एकेक खंड पोरीपेक्षा जड. एक खंड चार बोटं पुढे आला होता आणि पिटुकलीने त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. भाचीने तिला उचललं आणि पायाने खंड मागे ढकलला. तो गेला नाही. तिने जोर लावला, तरी गेला नाही.

"राहू दे तसाच," मावशी म्हणाली.

"अंगावर पडला तर?"

"खुर्ची लाव पुढे. पण खंड राहू दे."

भाचीने खुर्ची लावली. "ताई, तुम्ही सगळीकडे शोधलंत ना?"

"सगळी कपाटं उपसली. फक्त ते खंड नाही हलवले, मला एकटीला उचलत नाहीत. आणि ते उघडतंय कोण हल्ली."

फोटोकाकांचं दुकान वाचनालयाच्या मागच्या गल्लीत होतं. काका कम्प्युटरसमोर बसले होते. या दोघींना पाहताच त्यांनी पडदा चटकन बदलला. पण चटकन बदलण्याइतका तो कम्प्युटर तरणा नव्हता. पडद्यावर कुरण होतं आणि कुरणात सहा मजल्यांची इमारत.

"जाहिरातीचं काम," मावशी म्हणाली. "बिल्डरचं."

"पोट आहे, मावशी. लोक आता फोनमध्ये फोटो काढतात आणि फोनमध्येच मारून टाकतात. माझ्याकडे येतं कोण?" काकांनी चष्मा पुसला. "झाडं पुसून द्या म्हणाला. तीन पुसली. चौथं काही पुसवेना."

"का?"

"त्याच्याखाली मी हिच्या काकूला मागणी घातली होती."

"काय म्हणाल्या काकू?" भाचीने विचारलं.

"म्हणाली, आधी मुंग्यांवरून उठा, मग बोलू."

मावशी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "अल्बमच्या कॉपी तुम्ही काढल्यात. प्रत्येक फोटो सुटा करून?"

"प्रत्येक. कोपऱ्यांतून काढायचा, काचेवर ठेवायचा, परत लावायचा. तीन दिवस गेले. फक्त शाळेचा तेवढा नाही काढला. मास्तर म्हणाले, कोपरे तिने लावलेत, हात लावलात तर तुटतील. मग पानासकटच घेतला."

"मागची बाजू पाहिली?"

"त्याची नाही. बाकीच्यांची पाहिली. तारखा, नावं. एकावर तर वाण्याची यादी होती." काकांनी खुर्ची वळवली. "मावशी, मी चोरला असं वाटतंय का तुम्हाला?"

"चारला वाचनालयात या," मावशी म्हणाली.

रस्त्यात भाचीला राहवलं नाही. "काकाच. झाडं पुसणारा माणूस अल्बम पुसायला किती वेळ लावेल? कुंपणच शेत खातं, म्हणतात ना."

"बाहेर कसा नेला त्यांनी?"

भाचीने पिटुकलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"तुझ्या पिटुकलीला खाऊचा आख्खा पुडा पळवायचा असेल," मावशी म्हणाली, "तर ती आधी तिथेच बसून एक बिस्कीट काढते का?"

"नाही. पुडा घेऊन पळते."

"मग कोपरे कपाटापाशी का पडले?"

भाचीने बराच विचार केला. मास्तरांचं दार आलं तरी तिचा विचार चालूच होता.

मास्तरांनी दार उघडलं. शर्टाची गुंडी वरची खालच्या काजात. "या," ते म्हणाले. "अगं, तू दातवाली ना? आणि ही तुझी? हिचे आहेत का सगळे?"

"आहेत, मास्तर. आणि चावते."

त्यांनी पिटुकलीला एका हाताने जवळ घेतलं. दुसरा हात शर्टाच्या खिशावर तसाच.

"छातीत दुखतंय का?" भाचीने घाबरून विचारलं.

"नाही गं. सवय."

खोलीत चार भिंतींवर फोटो होते, फ्रेम केलेले, दोन-दोनच्या ओळीत. भाचीने पोरीला त्यांच्याखालून हलवलं, एकाचा खिळा सैल होता. सगळ्या फोटोंत बाई होत्या : शिट्टी गळ्यात घातलेल्या, हसणाऱ्या, मुलांच्या गराड्यात.

"घड्याळ बंद आहे तुमचं," मावशी म्हणाली.

"दहा वर्षांची गॅरंटी आहे त्याची." मास्तर उठले, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो भिंतीवरून काढला, आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यातून घड्याळाचं गॅरंटी कार्ड ओढून काढलं. "अरेरे. गेल्या महिन्यात संपली."

"गॅरंटी फोटोच्या मागे?" भाची म्हणाली.

"घड्याळ त्या दिवशी घेतलं ना आम्ही. ज्या दिवसाचा कागद, त्या दिवसाच्या फोटोमागे. ही तिची पद्धत. कपाटात ठेवलेलं हरवतं, म्हणायची, फोटोमागचं हरवत नाही." त्यांनी फोटो परत लावला, दोनदा सरळ केला. "सात वर्षं झाली. मी तशीच चालू ठेवली आहे."

"बाई कशा होत्या हो?" मावशीने सहज विचारलं.

मास्तरांचा चेहरा मऊ झाला. "सभ्य. फार सभ्य. दुसऱ्याच्या दारात उभी राहिली तर आधी खोकायची, मग कडी वाजवायची. दार सताड उघडं असलं तरी खोकायची. मलाही ती सवय लागली."

"चारला वाचनालयात या, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली. का, ते विचारलं नाही.

चारला ताई आणि फोटोकाका लांब टेबलाशी येऊन बसले होते. दाराशी कुणीतरी खोकलं आणि मग मास्तर आत आले.

भाची पिटुकलीला मांडीवर दाबून बसली. उद्या सकाळी काही हातात नसेल, तर या पोरीला कुरण फक्त गोष्टीत सांगावं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"अल्बम बाहेर गेलाच नाही," मावशीने सुरुवात केली. "कुलपं शाबूत, पिशव्या दारात, ताईंची नजर दारावर. म्हणजे तो इथेच आहे. भाचीने सकाळी एक खंड मागे ढकलला, तो गेला नाही. मागे काहीतरी आहे म्हणून. काका, जरा हात लावा."

काकांनी आणि भाचीने मिळून तो खंड ओढला. मागे, फळीच्या पाठीला टेकून, अल्बम उभा होता.

"काखेत कळसा," ताई पुटपुटल्या, आणि त्यांनी अल्बम छातीशी धरला. मग उघडला. शाळेच्या पानावर चार डिंकाचे डाग होते. फोटो सुटा, नुसता पानात ठेवलेला.

"सकाळीच का नाही काढलात?" काकांनी विचारलं. "आमचे जीव टांगणीला."

"अल्बम मिळाला असता, कारण नसतं मिळालं. आणि कारण आपल्याला ठाऊक नाही म्हणून ते उद्या सुनावणीत उठून उभं राहिलं असतं, तर?" मावशीने काळे कोपरे टेबलावर मांडले. "हे बघा. खटला बुडवायचा असता तर चोराने अल्बम नष्ट केला असता. याने तो जपून, उभा, कोरड्या जागी ठेवला. म्हणजे अल्बम त्याला नको नव्हता. त्याला एकच पान हवं होतं. तिथेच कपाटापाशी त्याने तो फोटो काढला, जुने कोपरे फाटले, फोटो परत बसेना. मागे कप धुण्याचा आवाज थांबला. फाटलेलं पान दिसलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, हाच फोटो का? म्हणून एक लपवायला त्याने सगळंच लपवलं."

"पण फोटो तर इथेच आहे," भाची म्हणाली.

"आहे. आणि त्याची कॉपी काकांकडे, हे सगळ्यांना ठाऊक. मग फोटो काढून काय मिळणार होतं?"

भाची टेबलाकडे बघत राहिली. मग तिला ती भिंत आठवली, ते घड्याळ, तो पुठ्ठा.

"फोटोच्या मागचं," ती हळू म्हणाली.

"बावीस फोटोंपैकी एकवीस काकांनी उचलून पाहिले होते. मागे काही दडलेलं असणं शक्य होतं ते एकाच्याच. ज्या दिवसाचा कागद, त्या दिवसाच्या फोटोमागे. ही पद्धत या गावात एकाच घरात आहे." मावशीचा आवाज खाली आला. "काल साहेब परवानगीबद्दल बोलले, तेव्हा तुम्हाला घाम उकाड्याने नाही फुटला, मास्तर. आणि सकाळपासून खिशावरचा हात काही निघत नाही."

ताईंनी अल्बम हळूच खाली ठेवला.

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "बाहेर न्यायचा होता, जाळायचा होता. काडीसुद्धा ओढली काल. जाळवेना." त्यांनी घडी मावशीकडे सरकवली. "तिचं अक्षर आहे."

मावशीने घडी उघडून वाचलं :

"महोदय, शाळेच्या मैदानात खोदकाम चालू असल्यामुळे यंदाचे खेळ आपल्या कुरणात घ्यावेत अशी आमची इच्छा आहे. खुंट्या ठोकाव्या लागतील व दोर बांधावे लागतील. तरी कृपया परवानगी द्यावी."

"परवानगी," मास्तर म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी. वीस वर्षांच्या आतली. खेळ झाले, म्हणजे ती मिळाली होती. जन्मभर तिनं कुणाच्या गवतावर विचारल्याशिवाय पाय ठेवला नाही. आणि आता तिच्या त्या सभ्यपणानं सगळ्या गावाचं कुरण जाणार. उद्या तो वकील तिचं नाव घेऊन हे वाचून दाखवणार. मला ते ऐकवलं नसतं."

"कुणालाच कळायचं नाही," फोटोकाका म्हणाले. "फोटो परत चिकटवू. कागद मास्तरांच्या घरी. त्यात काय?"

भाचीने मावशीकडे पाहिलं. तिला वाटत होतं, मावशीने हो म्हणावं. जन्मात पहिल्यांदा तिला एक पुरावा नाहीसा व्हावा असं वाटत होतं.

"नाही," मावशी म्हणाली. "खरं झाकून मिळवलेल्या कुरणात आपण फिरायचं, आणि मुलांना सांगायचं, हे तुमच्या हक्काचं? कागद साहेबांना दाखवायचा. ते काय म्हणतील ते म्हणतील."

तिने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच क्षणी पिटुकलीचा हात तिकडे गेला. बिस्किटाने बरबटलेला हात. भाचीने सवयीने कागद उचलून डोक्यावर धरला, खिडकीच्या उजेडात, पोरीचा हात पोचणार नाही इतका उंच.

"दे," पिटुकली म्हणाली.

भाचीने दिलं नाही. ती वर बघत होती. उजेडात बाईंच्या निळ्या ओळींमधून दुसऱ्या ओळी उमटल्या होत्या. उलट्या, फिकट.

"मावशी, मागे काहीतरी आहे. पेन्सिलने."

मावशीने कागद उलटा केला. जुना मालक काटकसरी, सगळं गाव जाणत होतं. आलेल्या पत्राच्या पाठीवरच उत्तर लिहून पाठवायचा. मावशीने खिडकीपाशी जाऊन वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने :

"बाई, खुंट्या आणि दोर एका दिवसापुरते चालतील. खड्डे बुजवून द्यावेत. मुलांनी कुरणात येण्याबद्दल मला कशाला विचारता? गाव तिथे माझ्या वडिलांच्या आधीपासून येतं-जातं. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी अडवलं नाही. जी गोष्ट माझ्या हातची नाही, तिची परवानगी मी कशी देऊ? बाकी आपलं अक्षर सुंदर आहे."

खाली सही, तारीख.

"परत वाचा," ताई म्हणाल्या. मावशीने परत वाचलं.

"मालकाच्या हातचं," फोटोकाका म्हणाले. "मालक स्वतः लिहून देतोय की विचारायची गरजच नाही. मावशी, माझे बावीस फोटो एकीकडे आणि ही पेन्सिल एकीकडे."

"मास्तर," भाचीने विचारलं, "तुम्ही उलटून नाही पाहिलंत?"

मास्तरांनी चष्मा काढला. "तिचं अक्षर दिसलं आणि मी घडी घातली, अगं. दुसऱ्या बाजूला काय असेल, हे मनातच आलं नाही." त्यांनी डोळे पुसले आणि मग एकदम हसले. "खड्डे बुजवायला मला पाठवलं होतं तिनं. आठ खड्डे. तेव्हा म्हणालो होतो, कशाला विचारायला गेलीस? ती म्हणाली, विचारलं की माणूस खरं काय ते सांगतो."

ताई उठल्या आणि भिंतीवरचा नकाशा काढून त्याची गुंडाळी करायला लागल्या. "याच्या पाठीवर फोटोंची यादी करते," त्या म्हणाल्या. "कागद चांगला जाड आहे."

सोमवारी बिल्डरच्या वकिलाने 'परवानगी' हा शब्द ऐकताच उडी घेतली. अधिकाऱ्याने त्याला थांबवून कागद उलटा केला. मागची बाजू त्याने स्वतः दोनदा वाचली. दीड महिन्याने निकाल आला : कुरण खुलं राहील. तारेची भेंडोळी ज्या गाडीतून आली होती, तिच्यातूनच परत गेली. फोटोकाकांनी जाहिरातीचे पैसे घेतले नाहीत आणि पुसलेली तीन झाडं कम्प्युटरवर परत लावून तो फोटो दुकानात टांगला.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी सगळे कुरणात जमले. भाची पिटुकलीचं बोट धरून फाटकातून आत आली. तिने सवयीने पाहिलं : खाली गवत. वर आभाळ. गरम म्हणावं तर उतरतं ऊन. तिने आणखी एकदा पाहिलं, आणि बोट सोडलं.

पिटुकली धावत सुटली. दहा पावलांवर आपटली, उठली, हात बघितले, आणि रडायचं विसरून पुढे गेली.

मागे फाटकाशी कुणीतरी खोकलं. मास्तर उभे होते, एक पाय बाहेर, एक आत.

"मास्तर," भाची म्हणाली, "या ना. इथे खोकावं लागत नाही."